अमोनिया वाढला म्हणून मांस-मासे बंद करू नका
ताई, किडनीच्या आजारी बोक्याच्या रक्तात अमोनिया (प्रथिनं पचताना तयार होणारा विषारी पदार्थ) जास्त आला म्हणून तुम्ही त्याचे मांस-मासे एकदम तोडलेत, हे वाचून फार काळजी वाटली. शरीरात अमोनियाचा निरुपद्रवी युरिया व्हायला आर्जिनिन (मांस-माशांच्या प्रथिनांतलं एक अमिनो आम्ल) लागतं आणि मांजराला ते अन्नातूनच मिळावं लागतं. ते कमी पडलं तर अमोनिया उलट चढतो. प्रथिनं किती द्यायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.

पोटॅशियम बघितलंय का? ते उतरलं की किडनी स्वतःच जास्त अमोनिया बनवते. बद्धकोष्ठ असेल तर आतड्यातूनही तो रक्तात जातो. अमोनियाचा युरिया लिव्हरमध्येच होतो, म्हणून तेही बघा; त्यासाठी बाईल ॲसिडची (पित्तातल्या आम्लांची) रक्ततपासणी वेगळी असते.

आणि मुख्य म्हणजे, रक्ताचा नमुना बर्फात गेला होता का? प्लाझ्मा (रक्तातला पातळ द्रव भाग) लगेच वेगळा केला नाही तर नळीतच अमोनिया वाढत राहतो. सांगलीच्या उन्हातून बाहेरगावी गेलेल्या नळीवर मी तरी औषध सुरू करणार नाही, आधी पुन्हा तपासून घेईन. पण बोका झोकांड्या देत असेल किंवा लाळ गळत असेल तर थांबू नका, आजच दवाखान्यात न्या.