ग्रेट बॅरियर रीफ: प्रवाळांचे आच्छादन विक्रमी आणि तरीही विरंजन?

खाडीकाठ:
ऑस्ट्रेलियातील सागरविज्ञान संस्थेच्या (एम्स) २०२२ च्या अहवालानुसार ग्रेट बॅरियर रीफच्या उत्तर भागात कठीण प्रवाळांचे आच्छादन (जिवंत कठीण प्रवाळांनी व्यापलेला तळाचा हिस्सा) ३६ टक्के, तर मध्य भागात ३३ टक्के होते आणि ३६ वर्षांच्या नोंदींत ते सर्वाधिक होते. मात्र त्याच वर्षी तेथे मोठे विरंजन (उष्णतेने प्रवाळ पांढरे पडणे) झाल्याचेही वाचले. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी कशी? मोजणीतच काही गफलत आहे का?

मोजपट्टी:
गफलत नाही. आपण दोन वेगळ्या गोष्टी एकाच तराजूत तोलत आहात. विरंजन झालेला प्रवाळ पांढरा पडलेला असतो, मेलेला नव्हे. उष्णता लवकर ओसरली तर त्याच्या ऊतींतून निघून गेलेले शैवाल परत येते. त्यामुळे आच्छादन मोजताना तो जिवंतांतच धरला जातो. शिवाय त्या अहवालातील पाहणी ऑगस्ट २०२१ ते मे २०२२ अशी चालली होती, आणि ज्या प्रवाळभित्तीची पाहणी तेथील उन्हाळ्यापूर्वीच (डिसेंबर ते फेब्रुवारी) उरकली, तिच्या आकड्यात त्या उन्हाळ्याचा मागमूसही नसणार.

पद्धतही समजून घ्यावी. निरीक्षक एका फळीला धरून लहान बोटीमागे पाण्यातून ओढला जातो. दर दोन मिनिटांनी बोट थांबते, आणि तेवढ्या पट्ट्यात जिवंत कठीण प्रवाळ किती, मृत किती, प्रवाळ खाणारे काटेरी मुकुटाचे तारामासे किती, हे तो नोंदवून ठेवतो. अशी भित्तीची संपूर्ण प्रदक्षिणा होते. पद्धत ढोबळ आहे खरी, परंतु १९८० च्या दशकाच्या मध्यापासून ती जवळपास तशीच ठेवल्यामुळे जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करता येते.

भरती_ओहोटी:
वरील उत्तराशी सहमत आहे. मात्र आच्छादनाचा आकडा कोणते प्रवाळ वाढले हे सांगत नाही, आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. २०२२ पर्यंतची वाढ प्रामुख्याने अ‍ॅक्रोपोरा या झपाट्याने वाढणाऱ्या, फांद्यांच्या व मेजासारख्या सपाट प्रवाळांची होती. वादळात मोडणारे, उष्णतेत आधी दगावणारे आणि तारामाशांना सर्वाधिक आवडणारे प्रवाळही हेच. घडणीतला हा फरक टिपण्यासाठी एम्सच्या याच पाहणी कार्यक्रमात ठरलेल्या जागी, ६ ते ९ मीटर खोलीवर, ५० मीटरच्या रेषांवर छायाचित्रे घेतली जातात आणि त्यांवरून प्रवाळांचे प्रकार ओळखले जातात. वृत्तपत्रांच्या मथळ्यांत या कामाला सहसा जागा मिळत नाही.

२०२४ च्या विरंजनानंतर काय झाले तेही पाहावे. २०२५ च्या अहवालात दक्षिण भागातील आच्छादन ३८.९ वरून २६.९ टक्क्यांवर आणि उत्तरेतील ३९.८ वरून ३० टक्क्यांवर आले. या दोन्ही भागांत नोंदी सुरू झाल्यापासूनची ही सर्वांत मोठी वार्षिक घट होती.

खाडीकाठ:
आभारी आहे. मग याच रीफवरील २०१२ च्या एका शोधनिबंधात १९८५ पासूनच्या आच्छादनाच्या घटीत विरंजनाचा वाटा केवळ १० टक्के दिला होता, तो आज कसा वाचावा?

मोजपट्टी:
त्या काळापुरताच. तेव्हा आच्छादन २८ वरून १३.८ टक्क्यांवर आले होते आणि त्यातील ४८ टक्के वाटा वादळांचा, तर ४२ टक्के तारामाशांचा होता. परंतु त्या कालखंडात १९९८ आणि २००२ ही दोनच मोठी विरंजने येतात. २०१६ ते २०२५ या काळात अशी सहा झाली. तेव्हाचा १० टक्क्यांचा आकडा आजच्या परिस्थितीला लावणे चुकीचे ठरेल.