फ्लूची साथ आली तेव्हा तुमच्या गावात काय झालं?

ऑगस्ट २००९ मध्ये स्वाइन फ्लूनं देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तिकडच्या शाळा बंद झाल्या, ते सगळं आपण टीव्हीवर पाहिलं. पण आपल्या जळगाव-धुळे-नंदुरबारकडे पालिका, ग्रामपंचायत, आरोग्य केंद्र यांनी साथीच्या वेळी काय केलं? ज्यांनी पाहिलंय त्यांनी लिहा. चांगलं झालं तेही, राहून गेलं तेही.

नवापूर
मी त्याच्याही आधीचं सांगते. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आमच्याकडे सापडला. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि लगेच तीन किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या मारायला सुरुवात झाली. पांढरे सूट, गॉगल घातलेली माणसं जीपमधून उतरली की पोरं घरात पळायची. मोठमोठे खड्डे खणून, वर चुना टाकून कोंबड्या पुरल्या. पोल्ट्रीवाल्यांचं नुकसान पेपरात आलं. पण पाड्यावरच्या बाईच्या अंगणातल्या चार कोंबड्या म्हणजे तिचा मीठ-मिरचीचा खर्च. कुणी टोपलीखाली लपवल्या, कुणी माळ्यावर. मग इथली आदिवासी बोली मावची बोलणारी अंगणवाडीताई पथकासोबत यायला लागली. ती ओट्यावर बसून समजावायची, भरपाईचं नीट सांगायची, तेव्हा कुठे लोकांनी टोपल्या उचलल्या. आरोग्य खात्याचे लोक घरोघर ताप-सर्दी विचारत फिरले, संशयितांना दवाखान्यात वेगळं ठेवलं. माणसांत एकालाही तो आजार निघाला नाही. त्या ताईचं नाव कुठल्याच बातमीत आलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

धुळे तालुका
मी आशा कार्यकर्ती आहे. २०१५ च्या स्वाइन फ्लूच्या साथीत लोक ताप अंगावर काढायचे, एखादं इंजेक्शन घेऊन शेतात जायचे आणि दम लागला की मगच जिल्ह्याला. ऑसेल्टामिवीर हे फ्लूवरचं औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर खरा उपयोग. गरोदर बाई, शुगरवाला, दमेकरी यांना लक्षणं दिसली की रिपोर्टची वाट बघायची नाही, थेट डॉक्टरांकडे न्यायचं, हे आम्ही घरोघर सांगितलं. हात धुण्याचं पत्रक दिलं तर एक आजी म्हणाल्या, "माय, प्याले पानी नही शे, हात काय धोऊ?" खरंच होतं. सरपंचांच्या मागे लागून टँकरमधलं पाणी शाळा-अंगणवाडीसाठी वेगळं काढून घेतलं.

जळगाव जिल्हा, गाव सांगत नाही
आमच्याकडे धूरफवारणी केली. धुरानं डास मरतात, फ्लू नाही! तो खोकल्या-शिंकेतून आणि हातातून पसरतो. त्या पैशात बाजारात दोन नळ बसले असते.

अमळनेर
मी शिक्षक. शाळेत साबण टिकायचा नाही, पोरं खेळायला न्यायची. एका पालकानं सुचवलं म्हणून साबणाची वडी जुन्या मोज्यात घालून टाकीच्या तोटीला बांधली. मोज्यावर हात चोळला की फेस येतो, वडी चिखलात पडत नाही. नळ कोरडा असला की तेलाच्या रिकाम्या कॅनला खिळ्यानं भोक पाडून तो फांदीला टांगतो. धार बारीक येते, थोड्या पाण्यात वर्ग उरकतो. रुमाल नसेल तर कोपरात शिंकायचं, हे पहिलीची पोरं आता घरी आजोबांना शिकवतात. ग्रामपंचायतीकडे साबणासाठी अर्ज केलाय, तोवर वर्गणी काढून चालवतोय.