इंद्रायणी भात दरवर्षी लोळतेय, चार वाण शेजारी-शेजारी लावून बघायचेत पण खाचरं एकसारखी नाहीत, कसं करू?

मोरणाकाठ (पाटण)

नमस्कार मंडळी. आमचं गाव मोरगिरीच्या अंगाला, भात दोन एकराला थोडं कमी, सगळी खाचरं उतारावर पायऱ्या पायऱ्यांची. घरात आजवर इंद्रायणीच. गेली दोन वर्षं असं होतंय की दाणा भरत आला की परतीचा पाऊस गाठतोय आणि पीक एकदा आडवं झालं की परत उठत नाही, लोंब्या चिखलात, खालच्या दाण्याला कोंब फुटलेले. आईनं मागच्या दिवाळीत ते भिजलेलं भात अंगणात आठ दिवस उलथापालथ करून वाळवलं, तरी गिरणीत निम्मी कणी झाली.

म्हणून मागच्या वर्षी तीन वाण लावून बघितले. वरच्या खाचरात इंद्रायणी, मधल्यात भोगावती आणि सगळ्यात खाली ओघळीकडच्या खाचरात दुकानदारानं दिलेलं एक नवीन बियाणं, नाव घेत नाही. तिन्हीला युरिया सारखाच. खालचं नवीन वाण सगळ्यात जास्त निघालं, इंद्रायणीच्या जवळजवळ दीडपट. आता भावकीतले चार-पाच जण बियाणं मागतायत आणि मी हो म्हणून बसलोय, पण मनात खात्री वाटत नाही. माझ्या शब्दावर कुणी सगळं रान त्या वाणाखाली घातलं आणि फसलं तर काय तोंड दाखवू.

यंदा नीट करायचंय. इंद्रायणी, भोगावती, फुले समृद्धी आणि हळवं (लवकर पिकणारं) म्हणून कर्जत-३. त्यातच युरिया फेकून की ब्रिकेट (चिखलात खोवायची खताची गोळी) आणि लागणीचं अंतर हेही बघायचंय. जागा दहा गुंठे देऊ शकतो. कुणी असं केलंय का?

शिराळ्याचा शेतकरी

दादा आमच्या शिराळ्यात पण एक मोरणा आहे, ती वारणेला जाते तुमची कोयनेला, नाव तेच बघून लिहावंसं वाटलं. आमच्याकडं निम्मं भात अजून धूळवाफ असतं, मे अखेरीला कोरड्यात कुरीनं पेरायचं आणि वळवाच्या नायतर मृगाच्या पावसावर उगवून आणायचं, मग कोळपणी भांगलण. चांदोलीकडं चरण-आरळ्याला रोपलागण जास्त, तिथं पाऊस वेगळाच. मी दोन वर्षं एकाच शेतात धूळवाफ आणि रोपलागण दोन्ही लावून बघितलं आणि दोन वर्षांचं उत्तर उलटं आलं. पहिल्या वर्षी जून कोरडा गेला, रोपं तरव्यातच (रोपवाटिकेतच) म्हातारी झाली आणि धूळवाफ पुढं निघून गेलं, दुसऱ्या वर्षी पेरल्या पेरल्या झोडपलं आणि धूळवाफाच्या ओळीच वाहून गेल्या, शिवाय तण एवढं की भांगलायला बायका मिळेनात. तेव्हा एका वर्षावर बियाणं वाटू नका एवढंच सांगतो. २०२१ च्या जुलैत महाबळेश्वरला एका दिवसात ५९४ मिलिमीटर पडला होता, तुमच्या पाटणात तर डोंगरच्या डोंगर खाली आले, त्या वर्षीच्या उत्पन्नावर कुठला वाण चांगला हे कोण ठरवणार.

निवृत्त कृषी सहाय्यक (कराड)

तुमची पोस्ट दोनदा वाचली. नवीन वाण "सगळ्यात खाली ओघळीकडच्या खाचरात" होतं असं तुम्हीच लिहिलंय, माझ्या मते उत्तर तिथंच आहे. उताराच्या रानात वरच्या खाचरातली माती, कुजलेलं खत, आणि पावसात टाकलेल्या युरियाचा मोठा वाटा बांधाच्या मोरीतून खाली जातो. तुम्ही तिन्ही खाचरांना सारखा युरिया दिलात पण पिकाला तो सारखा मिळालाच नाही, वरच्या दोन खाचरांचा खालच्यानं खाल्ला. शिवाय सप्टेंबरात आठ-दहा दिवस उघडीप पडली की वरच्या खाचराला भेगा पडतात आणि खालच्यात पाणी असतं. तुम्ही वाणांची तुलना केली असं वाटतंय, झाली ती खाचरांची. वाण चांगलाही असेल, पण मागच्या वर्षीच्या आकड्यावरून ते सांगता येत नाही, म्हणून भावकीला यंदा थांबा म्हणा.

आता कसं करायचं ते सांगतो. प्रत्येक वाण प्रत्येक खाचरात लावायचा. वरच्या खाचरात चारही, मधल्यात चारही, खालच्यात चारही, म्हणजे बारा तुकडे. कुठला कुठं हे आपल्या मनानं ठरवायचं नाही, चिठ्ठ्या टाकायच्या, आणि प्रत्येक खाचराला नव्यानं टाकायच्या. नाहीतर आपला आवडता वाण मोरीजवळ जातो, हे मी तीस वर्षांत चांगल्या चांगल्या शेतकऱ्यांच्या रानात बघितलंय. मग हिशेब खाचरातल्या खाचरात करायचा. एखादा वाण तिन्हीकडं पुढं राहिला तर बोलायला जागा आहे, एकाच खाचरात पुढं असेल तर गप्प बसायचं.

तुकडा ४ बाय ३ मीटरचा पुरे. ओळी ४ मीटरच्या लांबीत घ्या, दोन ओळींत २० सेंटिमीटर आणि दोन चुडांत (एका जागी लावलेल्या रोपांच्या जुडग्यांत) १५. ३ मीटरच्या रुंदीत पंधरा ओळी बसतात. कापणीला दोन्ही कडेच्या दोन-दोन ओळी आणि दोन्ही टोकाचे दोन-दोन चूड आधी कापून बाजूला टाका. कडेच्या चुडाला ऊन-वारा-खत जास्त मिळतं, ते फसवतं, आणि उंच वाणाच्या शेजारी बुटका असेल तर त्याच्यावर सावली पडते. मधला भाग राहतो २.२ बाय ३.४ मीटर, साधारण साडेसात चौरस मीटर. तेवढ्याचंच वजन धरायचं.

वजन करताना ओलावा बघा, इथं सगळे चुकतात. हळवा वाण पावसात कापला जातो, इंद्रायणी उन्हात, दोन्हीची वजनं तशीच शेजारी मांडली तर ओल्याला फुकटचे गुण. भात १४ टक्के ओलाव्यावर आणून बोलायचं. समजा मधल्या भागातून ४ किलो निघालं आणि गिरणीवरच्या मीटरनं ओलावा २० टक्के दाखवला, तर ४ गुणिले ८० भागिले ८६, म्हणजे ३.७२ किलो. त्याला १३.५ नं गुणलं की गुंठ्याचं उत्पन्न, साधारण ५० किलो, म्हणजे एकरी २० क्विंटल.

ब्रिकेट आणि अंतर यात घुसवू नका. चार वाण, दोन खतं, दोन अंतरं म्हटलं की सोळा प्रकार, तीनदा लावायचे म्हणजे अठ्ठेचाळीस तुकडे, आणि पावसात इरलं घेऊन ते सांभाळणार कोण?

मोरणाकाठ (पाटण)

काका, वाचून अक्षरशः उठून खाचरावर जाऊन आलो. वरच्या खाचराची मोरी मधल्यात आणि मधल्याची थेट त्या खालच्या खाचरात पडते. दोन वर्षं रोज बघतोय आणि डोक्यात आलं नाही. भावकीला आज सांगितलं थांबा म्हणून, एकजण थोडा नाराज झाला, चालेल.

पण ब्रिकेटचं मला मनापासून बघायचंय कारण युरिया टाकला की दुसऱ्या दिवशी पाणी बांधावरून जातं हे डोळ्यानं दिसतं. दुसरं म्हणजे आमची इंद्रायणी घरचीच, पाच-सहा वर्षं तेच बियाणं राखतोय, तीच धरू का?

निवृत्त कृषी सहाय्यक (कराड)

घरची धरू नका, किंवा घरची आणि नवी दोन्ही वेगळी लावा. पाच वर्षं राखलेल्या बियाण्यात भेसळ झालेली असते, काही लोंब्या उंच काही बुटक्या, आणि समोर बाकीच्यांचं नवं पिशवीचं बियाणं, ती तुलना इंद्रायणीवर अन्याय आहे. वडगाव मावळच्या केंद्रातून आंबेमोहोर १५७ आणि आयआर-८ च्या संकरातून हा वाण १९८७ ला आला, त्याची ताकद बघायची तर शुद्ध बियाणं पाहिजे. चारही बियाणी १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बुडवा, तरंगलेलं पळंज (पोकळ दाणे) काढा, बुडालेलं दोन-तीनदा स्वच्छ धुवून सावलीत सुकवा. तरवे एकाच दिवशी, एकाच वाफ्यात, मध्ये फळ्या पुरून.

ब्रिकेटचा प्रयोग वेगळ्या दोन खाचरांत करा, तोही फक्त इंद्रायणीवर. युरियाच्या आणि ब्रिकेटच्या भागामध्ये नुसती दोरी चालणार नाही, मातीचा बांध घाला आणि दोघांची मोरी वेगळी ठेवा, नाहीतर परत तेच. चारसूत्री नावाच्या भातलागणीच्या पद्धतीत ओळी १५-२५ अशा आलटून पालटून घेतात, दोन्ही दिशांनी, म्हणजे चार चुडांचा १५ सेंटिमीटरचा चौकोन तयार होतो आणि त्या चौकोनाच्या मध्ये २.७ ग्रॅमची युरिया-डीएपीची एक गोळी, लागणीच्याच दिवशी, ७ ते १० सेंटिमीटर खोल. गुंठ्याला ६२५ गोळ्या लागतात, वजनानं पावणेदोन किलोच्या आत. खोल चिखलात असल्यामुळं ती पाण्याबरोबर जात नाही आणि हळूहळू लागू होते, घाटमाथ्याच्या पावसात हाच तिचा खरा फायदा. आता युरियाच्या बाजूलाही हेच १५-२५ अंतर ठेवा, म्हणजे फरक पडला तर तो खताचाच म्हणता येईल. नत्र आणि स्फुरदही दोन्हीकडं सारखं मोजून द्या.

आणि लोळण्याचं खापर एकट्या वाणावर फोडू नका. गणपतीच्या सुमारास पीक पिवळं दिसतं म्हणून शेवटचा युरिया किती टाकता? जुलै-ऑगस्टात तुमच्याकडं ऊन नसतंच, झाड मऊ वाढलेलं असतं, त्यावर उशिरा नत्र दिलं की उंची वाढते आणि दाण्याचं वजन आलं की मोडतं. इंद्रायणी मुळात उंचीला थोडी जास्त.

जावळीची लेक

काकांनी सगळं छान सांगितलं पण लागण करणाऱ्या बाईच्या बाजूनं दोन गोष्टी लिहिते. आमच्याकडं पैऱ्यानं (एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबून) लागण होते, सकाळी आठला उतरलेल्या बायका संध्याकाळी पाचला वाकून वाकून मोडलेल्या असतात, सकाळी दोन-तीन रोपांचा चूड वरवर लावलेला असतो आणि संध्याकाळी पाच-सहा रोपांचा जुडगा खोल रोवलेला, आणि खोल लावलेल्याला फुटवे कमी. म्हणून एक खाचर धरलं की चारही वाणांचे तुकडे सलग त्याच बायकांकडून संपवा, दोन वाण आज आणि दोन उद्या असं करू नका. आणि दोरीवर मापानं लावायला वेळ लागतो तर त्या दिवसाची मजुरी धरून द्या, ते काम फुकटचं नाही.

दुसरं, नुसतं भात मोजू नका. पेंढा मोजा. आमच्या म्हशी वर्षभर पेंढ्यावर असतात, बुटक्या वाणाचं भात दोन पोती जास्त आलं आणि पेंढा निम्मा झाला तर वैरण विकत घ्यावी लागते आणि ते पैसे घरातल्या बाईलाच कुठून तरी काढावे लागतात. शिवाय प्रत्येक वाणाचं पाच-पाच किलो त्याच गिरणीत वेगळं भरडून अख्खा तांदूळ किती आणि कणी किती ते तोला. मग शिजवून बघा, घरच्यांना नाव न सांगता वाढा. इंद्रायणी नवी असताना चिकट होते पण वास आणि चव अशी की आमच्या घरी पाहुण्याला दुसरा भात वाढत नाहीत. तुमच्या आईला विचारल्याशिवाय वाण बदलू नका एवढं मात्र मनापासून सांगते.

वाई_१२

राग मानू नका पण एवढं सगळं शेतकऱ्यानं का करायचं? कोल्हापूरला विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, राधानगरीला आहे, वडगाव मावळला आहे, तिथं पगारी शास्त्रज्ञ हेच काम करतात, त्यांनी शिफारस केलेला वाण लावायचा आणि मोकळं व्हायचं.

निवृत्त कृषी सहाय्यक (कराड)

तुमचं म्हणणं निम्मं बरोबर आहे. कुठले चार वाण निवडायचे हे त्यांच्याच शिफारशीतून ठरवायचं, दुकानातून नव्हे. पण केंद्राची खाचरं सपाट केलेली, पाणी हातात, रोप वेळेवर. मोरगिरीच्या वरच्या खाचराचं उत्तर तिथं मिळत नाही. हळवा वाण की निमगरवा (मध्यम मुदतीचा), हा प्रश्न तर गावागणिक बदलतो. हळवं भात सप्टेंबरच्या सुरुवातीला निसवतं (लोंबी बाहेर टाकतं), तेव्हा तुमच्याकडं झड लागलेली असेल तर फुलोऱ्यात परागकण धुऊन जातात आणि पळंज वाढतं. निमगरवं त्यातून सुटतं पण भरताना परतीच्या पावसात सापडतं, आणि पाऊस लवकर गेला तर वरच्या खाचरात दाणा भरायला ओल उरत नाही. म्हणून निसवल्याची तारीख, त्या आठवड्यातला पाऊस, लोळलं त्या दिवशी तुकड्याचा किती भाग आडवा झाला, शंभर दाण्यांत पळंज किती, हे वहीत लिहा. नुसत्या वजनापेक्षा ती वही पुढच्या वर्षी जास्त कामाला येईल.

आणखी एक राहिलं. कर्जत-३ तुमच्या शिवारात सगळ्यांच्या आधी पिकेल, साधारण २०-२५ दिवस, आणि आसपास सगळं हिरवं असताना तेवढेच तुकडे पिवळे दिसले की अख्ख्या शिवारातली पाखरं तिथंच उतरतात. जाळी लावा, नाहीतर तो वाण पाखरांमुळं हरेल.

मोरणाकाठ (पाटण)

पाखरांच्या आधी आमच्याकडं रानडुकरं आणि गवे, पण जाळीचं ध्यानात ठेवतो.

शेवटच्या युरियाचं विचारलंत काका, खरं सांगतो, गौरी-गणपतीच्या सुमारास खालच्या खाचराकडं बघून वरची पिवळी वाटायची म्हणून दरवर्षी सगळीकडंच हात सैल सोडायचो. यंदा वरच्या खाचरात इंद्रायणीचा एक तुकडा त्या युरियाशिवाय ठेवून बघतो, तो बारा तुकड्यांत धरणार नाही.

तर ठरलं असं. तीन खाचरांत बारा तुकडे, चिठ्ठ्या पुतणीकडून काढून घेणार. इंद्रायणीचं नवं बियाणं वडगावहून आणायला पुढच्या आठवड्यात जातोय. ब्रिकेट ओघळीपलीकडच्या दोन खाचरांत, मध्ये बांध घालून. दुकानदाराचं वाण यंदा सोडणार होतो पण आई म्हणाली त्याला पण न्याय द्या, मागच्या वर्षी खालच्या खाचरात होतं तर यंदा वरच्यात पण बघा, म्हणून पाचवा वाण म्हणून घेतोय, पंधरा तुकडे होतील. जावळीच्या ताई, गिरणीवाल्याशी बोललो, पाच-पाच किलो वेगळं भरडून द्यायला तयार आहे. काका, वरच्या खाचरात जागा थोडी चिंचोळी आहे, पाच तुकडे एका ओळीत बसत नाहीत, तीन आणि दोन असे केले तर चालतील का? आणि पाचवा वाण आल्यावर एखाद्या तुकड्याची रोपं कमी पडली तर काय करायचं?

निवृत्त कृषी सहाय्यक (कराड)

तीन आणि दोन चालतील, फक्त पाचही त्याच खाचरात पाहिजेत आणि मोरीच्या तोंडाला दीड-दोन मीटर जागा मोकळी सोडून तिथं साधं भात लावा. रोपं कमी पडली तर दुसऱ्या वाणाची घालू नका, पाचही वाणांचा तरवा थोडा जादाच टाका. जूनच्या पहिल्या आठवड्यात तरवा टाकायच्या आधी कळवा, मी एसटीनं येऊन जातो, खाचरं बघायची आहेत मला.