'रॉ' म्हणजे कच्चं, की न धुतलेलं?

खटपट्या

एका शब्दापायी नुकताच चांगला तोंडावर पडलो, म्हणून हा धागा.

एका देवस्थानात रात्रीच्या कीर्तनाचं चित्रीकरण केलं. कॅमेरा जुनाच, कॅननचा फाइव्ह-डी मार्क थ्री. त्यावर 'मॅजिक लँटर्न' हे फुकट मिळणारं जोड-सॉफ्टवेअर टाकलंय. २०१३ पासून या कॅमेऱ्यावर त्याने चौदा बिटचा रॉ व्हिडिओ घेता येतो. समईचा उजेड, बुवांचं पांढरं उपरणं आणि मागे अंधारा सभामंडप असं दृश्य असल्यावर मला रॉच हवा होता. काम ठरवताना विश्वस्तांच्या पत्रात एक ओळ होती, 'सर्व रॉ फुटेज द्यावे.' म्हटलं, देऊ की.

दोन कार्डं भरून साधारण चोवीस मिनिटं निघाली. कुठल्याही सॉफ्टवेअरात उघडावीत म्हणून मी ती सिनेमा-डीएनजी करून हार्ड डिस्कवर दिली. या प्रकारात प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल होते, सेकंदाला चोवीस. तिसऱ्या दिवशी फोन: "अहो, तुम्ही चौतीस हजार फोटो पाठवलेत! तेही फिकट. व्हिडिओ कुठाय? आणि बुवांचा आवाज?" आवाज वेगळ्या रेकॉर्डरवर होता, तो माझ्याकडेच राहिला होता.

त्यांना 'रॉ' म्हणजे काटछाट न केलेलं सगळं चित्रण हवं होतं. मी 'रॉ' म्हणजे सेन्सरवरून उतरलेला मूळ डेटा समजलो. पत्र मराठीत होतं, फक्त तेवढा एक शब्द इंग्रजी, आणि भानगड त्याच शब्दाने केली. तर विचारायचंय हे, की या दोन गोष्टींना मराठीत दोन वेगळे शब्द आहेत का? 'कच्चं चित्रण' म्हटलं तर कुठलं समजावं?

अंधारखोली

दोन नाही, तीन अर्थ आहेत. फिल्मच्या काळात 'रॉ स्टॉक' म्हणजे कोरी फिल्म, जिच्यावर अजून काहीच टिपलेलं नाही. शूट होऊन, धुऊन आलेलं पण न कापलेलं, ते 'रशेस'. आणि आता हा तुमचा सेन्सरचा रॉ. एकाच शब्दात शूटच्या आधीचं, शूटनंतरचं आणि शूटच्या पोटातलं असं सगळं कोंबलंय.

विश्वस्तांना हवे होते रशेस. हा शब्द धंद्यात अजून चालतो, पण पत्र लिहिणाऱ्या माणसाला तो माहीत असायचं कारण नाही.

कच्ची पावती

'कच्चं' नको हो. मराठीत कच्चं म्हणजे एक तर उणं, नाही तर तात्पुरतं. कच्चा रस्ता, कच्चा हिशोब, कच्ची पावती, गणित कच्चं, खेळात कच्चा लिंबू. कापडाचा कच्चा रंग तर पहिल्या धुण्यात जातो. आणि इथे उलट आहे. कॅमेऱ्याच्या नेहमीच्या, दाबून लहान केलेल्या एच.२६४ व्हिडिओ फाइलमध्ये एका रंगाच्या २५६ पायऱ्या, तर चौदा बिट रॉमध्ये १६,३८४. ज्याचा रंग सगळ्यात पक्का त्यालाच कच्चा म्हणायचं?

खटपट्या

पण कच्चा माल, कच्चं तेल, कच्चा मसुदा? त्यात कमीपणा नाही, 'अजून घडवायचंय' एवढंच आहे. आणि कच्चा कैदी! ज्याचा निकाल लागायचाय तो. रॉ फाइल अगदी तशी असते. श्वेतसंतुलनाचा (व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसावं म्हणून रंगांचा तोल) निकाल तिच्यात लागलेला नसतो. समईच्या उजेडात किती पिवळेपणा ठेवायचा हे मी घरी बसून ठरवलं. कॅमेऱ्यावर तेव्हा काय लावलं होतं ते फाइलमध्ये चिठ्ठीसारखं नोंदलेलं असतं, बंधनकारक नसतं, हवं तितक्या वेळा बदलता येतं.

एक मात्र कबूल. समईच्या ज्योतीचा मधला भाग जळला तो जळलाच. सेन्सर भरून वाहिला की रॉमध्येही तिथे काही उरत नाही. 'रॉ आहे, नंतर बघू' म्हणणाऱ्यांसाठी सांगून ठेवतो.

अंधारखोली

मूळ मुद्दा शब्दाचा. आपल्याकडे शब्द आहे, आपण विसरलोय. धुणं. "रोल धुवायला टाकला", "लग्नाचे फोटो धुऊन आले का?" हे आमच्या पिढीने रोज म्हटलंय. त्याला इंग्रजी 'डेव्हलप' लागत नव्हतं. फाळक्यांच्या दादरच्या घरात सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडत आणि ती धुवायच्या कामातही असत. आपल्याकडच्या सिनेमाची सुरुवातच अशी घरच्या धुण्याने झालेली आहे. मग डिजिटलला का चालू नये? तुमच्या फाइलच्या नावातच 'डिजिटल निगेटिव्ह' आहे, डीएनजी म्हणजे तेच. तेव्हा न कापलेले ते रशेस आणि न धुतलेलं ते रॉ.

कच्ची पावती

न धुतलेलं म्हटलं की मला मळकं वाटतं. विश्वस्तांना "न धुतलेले बुवा पाठवतोय" असं लिहिणार का?

खटपट्या

:) बुवा सोवळ्यात होते, त्यामुळे चालून गेलं असतं.

पण 'धुणं' मला पटतंय, आणि त्याचं कारण चित्रात दिसतं. सेन्सरच्या प्रत्येक ठिपक्यावर एकाच रंगाची गाळणी (फिल्टर) असते. निम्मे ठिपके हिरवे, पाव लाल, पाव निळे. कोडॅकमधल्या ब्राइस बेअर यांची ही मांडणी, पेटंट १९७६ चं. म्हणजे उपरण्यावरच्या एका बिंदूला फक्त 'हिरवं किती' एवढंच ठाऊक. लाल आणि निळं किती ते सॉफ्टवेअर शेजारच्या ठिपक्यांना विचारून भरतं. हे होईपर्यंत ते चित्र नसतंच, आकड्यांची चौकट असते. फिल्मवरही धुवायच्या आधी डोळ्याला काही दिसत नाही. चित्र आहे पण उमटलेलं नाही, ही अवस्था दोन्हीकडे सारखी.

पाटावरवंटा

मी व्हिडिओवाली नाही, पण एक शंका. रोल एकदाच धुता येतो. धुताना बिघडला की गेला. तुमची ही फाइल कितीही वेळा वेगवेगळी करता येते म्हणता, मग धुणं कसं?

मला हे दळण वाटतंय. रॉ म्हणजे पोत्यातलं धान्य. हवं तसं दळा, बारीक, जाडसर, भाजणीचं. नेहमीची व्हिडिओ फाइल म्हणजे दुकानातलं तयार पीठ. पोळ्या लगेच लाटता येतात, पण त्या पिठाचा रवा काही होत नाही.

खटपट्या

पाटावरवंटाताई, क्या बात! खरोखर घरी तयार पिठाचा अनुभव आहे. मागच्या वर्षी त्याच मंडपात साधा एच.२६४ घेतला होता. नंतर अंधार जरा उजळायला गेलो, तर भिंतीवर रंगांचे पट्टे उमटले, शेणाने सारवल्यासारखे. या वर्षीच्या रॉमध्ये तोच कोपरा उजळला तर मागच्या खांबाला टेकून पेंगणारे आजोबा दिसायला लागले. ते तिथे बसले होते हे चित्रीकरणाच्या वेळी मलाही कळलं नव्हतं.

दर्यावर्दी

गोव्याहून. माझ्याकडे कॅननचाच ७००डी आहे, गरिबाचा रॉ. कार्डाचा वेग सेकंदाला चाळीस मेगाबाइटच्या आसपास अडतो, त्यामुळे पूर्ण एचडी सलग मिळत नाही, चौकट लहान करावी लागते. वर फोकस पिक्सेलचे (सेन्सरवर ऑटोफोकससाठी राखलेल्या बिंदूंचे) ठिपके चित्रात. ते आधी मॅजिक लँटर्नच्या फाइली उघडणाऱ्या 'एमएलव्ही अ‍ॅप'मध्ये काढतो, मगच पुढे. पाटावरवंटाताईंच्या हिशोबात याला काय म्हणायचं?

पाटावरवंटा

खडे निवडणं. दळणाआधी निवडायचं असतंच की!

दर्यावर्दी

घेतला. आजपासून मी खडे निवडतो.

खटपट्या

आता जरा आकडे, म्हणजे पुढचा शब्द का लागतो ते कळेल. १९२० गुणिले १०८०, चौदा बिट, सेकंदाला चोवीस फ्रेम: साधारण ८७ मेगाबाइट प्रतिसेकंद. मिनिटाला पाच जीबीच्या वर. ६४ जीबीचं कार्ड बारा मिनिटांत खलास. माझा लॅपटॉप हे चालवताना कीर्तनाचं स्लो मोशन करतो. म्हणून दाविंची रिझॉल्व्ह या कापाकापीच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी हलक्या नकला बनवायच्या, कापाकापी त्यांच्यावर करायची आणि शेवटी मूळ फाइली परत जोडायच्या. या नकलांना सगळे 'प्रॉक्सी' म्हणतात. कॉलेजात हजेरीला मारायचो तीच.

गिरणगाव

प्रॉक्सीला मराठी शब्द आमच्या घरात होता. बदली. गिरणीत कायम कामगार नाही आला की त्याच्या जागी बदली कामगार उभा राहायचा. साचा तोच, जागा तीच. मूळ माणूस आला की बदली बाजूला. बदली फाइल म्हणा.

अंधारखोली

याच्यापुढे माझं काही म्हणणं नाही.

एक राहिलंच. वरती कुणी अजून 'एडिटिंगला संपादन म्हणा' असं सुचवलेलं नाही, पण सुचवण्याआधीच सांगतो: संपादन वर्तमानपत्राचं, चित्रपटाचं संकलन. आपल्या श्रेयनामावलीत पूर्वीपासून 'संकलन' असंच येतं. आणि रंगाचं काम, ते ग्रेडिंग, त्याला स्टुडिओत सरसकट 'डीआय' (डिजिटल इंटरमीजिएट) म्हणतात. "फिल्म डीआयला गेलीय" म्हटलं की झालं. 'रंगछटासंस्करण' वगैरे कुणी आणू नये ही विनंती.

कच्ची पावती

आणि एलयूटीचं, म्हणजे चित्राचे रंग एका झटक्यात बदलणाऱ्या तयार तक्त्याचं काय? आमचा संकलक त्याला 'लट' म्हणतो. परवा फोनवर म्हणाला, "हिरोइनला लट लावून पाठवतो." त्याची बायको शेजारीच होती.

खटपट्या

लट राहू दे, शब्द गोड आहे. फक्त धुतल्याशिवाय लावू नका. आधी श्वेतसंतुलन आणि काळा-पांढरा नीट बसवून मग लट. नाही तर बुवांचं उपरणं भगवं होतं, माझं झालंय.

असो. काल विश्वस्तांकडे नवी डिस्क गेली. चार फोल्डर केलेत: 'पूर्ण चित्रण (आवाजासह, बघण्यासाठी)', 'धुतलेलं (संकलकासाठी)', 'न धुतलेलं (उघडू नये, पुसू नये)' आणि 'बदली'. दळण घातलं नाही. ताई, रागावू नका, पण डिस्कवर 'पीठ' लिहिलेलं पाहून कार्यालयातून पुन्हा फोन आला असता.

संध्याकाळी फोन आलाच. पहिलं फोल्डर उघडलं, व्हिडिओ दिसला, आवाजही आला. फक्त विचारत होते, चौथ्या फोल्डरमध्ये कोणाची बदली झालीय?