घराच्या कागदातले एक कलम

चौकस (मूळ लेखाचा सारांश; पुढे 'पारावरचा' आणि 'तळटीप' या टोपणनावांच्या वाचकांशी झालेला वाद): अमेरिकेतील वंशभेद न्यायालयांनी मोडला, लेखकांनी मागाहून येऊन टाळ्या तेवढ्या घेतल्या. शिकागोचा हॅन्सबेरी खटला याचा पुरावा आहे.

पारावरचा: आपला लेख दोनदा वाचला आणि गप्प बसवेना. कृष्णवर्णीय कार्ल हॅन्सबेरींनी 1937 साली गोऱ्यांच्या वस्तीत घर घेतले, शेजाऱ्यांनी कृष्णवर्णीयांना घरे न देण्याच्या आपसातल्या कराराच्या आधारे त्यांना हुसकण्यासाठी खटला भरला आणि 1940 साली सर्वोच्च न्यायालयात हॅन्सबेरी जिंकले, इथवर ठीक. पण कशावर जिंकले? आधीच्या एका खटल्यात करारावर तो लागू व्हायला लागणाऱ्या 95 टक्के सह्या आहेत असे धरून चालले होते, प्रत्यक्षात त्या 54 टक्क्यांच्या आसपास होत्या. त्या खटल्यात ज्यांची बाजू मांडलीच गेली नाही त्यांना तो निकाल बांधत नाही, एवढेच न्यायालयाने म्हटले. वंशाच्या अटीला हातही लावला नाही. खिडकीतून आलेली आणि हॅन्सबेरींच्या लहानग्या लेकीला, लॉरेनला, थोडक्यात चुकलेली वीट किंवा रात्री पिस्तूल घेऊन पहारा देणारी तिची आई निकालपत्रात शोधून दाखवा. 1959 साली रंगमंचावर आलेले 'अ रेझिन इन द सन' हे नाटक त्याच लॉरेनचे.

चौकस: नाटक पाहून कोणाला घराची किल्ली मिळाली? शिकागोजवळ मी घर घेतले तेव्हा जुन्या कागदांत 'गोऱ्यांखेरीज कोणी राहू नये' असे कलम निघाले. मी हसलो आणि सही केली, कारण सर्वोच्च न्यायालयाच्या 1948 च्या शेली निकालाने ते केव्हाच मेले होते.

तळटीप: मेले नव्हते. असे करार न्यायालयांनी बजावून द्यायचे नाहीत, एवढेच तो निकाल सांगतो. आपसात पाळायला मोकळीक होती, म्हणून तर घरांच्या व्यवहारात भेदभावाला बंदी घालणारा 1968 चा कायदा करावा लागला. आणि ज्या कलमाने आपल्यालाही दाराबाहेर ठेवले असते, त्यावर हसू आले?

चौकस: मला नीती शिकवू नका. भाड्याच्या घराची मुदत संपलेली, दोन मुले पदरात. अशा वेळी कागद फाडून रस्त्यावर उभे राहायचे होते का?

पारावरचा: फाडा कोण म्हणाले? नाटकातला लिंडनर, गोऱ्या वस्तीचा प्रतिनिधी, तोही कागद फाडत नाही. अदबीने येऊन बसतो आणि 'पैसे घ्या, पण इकडे राहायला येऊ नका' म्हणतो.

तळटीप: या कलमांत बहुधा एक अपवादही असे. आपण तो वाचलात का?

चौकस: विटेचे मान्य, निकालपत्रात ती नाही, आपला विजय साजरा करा. कागद काढून पाहिला. तळघरात किंवा मागच्या गॅरेजवर राहणारे नोकर आणि मोटारचालक चालतील, असे लिहिले आहे. आमचे गॅरेज मागेच आहे.