मदत हवी आहे : आईच्या गुडघ्याची टेप पुढे चालू ठेवावी का?

नमस्कार. आम्ही ठाण्यात नौपाड्याला राहतो. घर दुसऱ्या मजल्यावर असून इमारतीला लिफ्ट नाही. आईचे वय ६६ आहे आणि तिच्या उजव्या गुडघ्याची झीज झाली आहे. तलावपाळीची सकाळची फेरी तिला अजून जमते. जिना उतरताना मात्र ती कठडा धरून, आधी दुखरा पाय खाली टाकत एकेक पायरी उतरते.

गेल्या महिन्यात फिजिओथेरपिस्ट बाईंनी वाटीच्या दोन्ही बाजूंना निळी लवचिक टेप लावली आणि मांडीचे व्यायाम शिकवले. तीन आठवड्यांत दुखणे कमी झाले. आई त्याचे सगळे श्रेय टेपला देते (व्यायामाचा तिला मुळातच कंटाळा आहे), मला मात्र शंका आहे.

ही लवचिक टेप जपानच्या केन्झो कासे यांनी १९७०च्या दशकात विकसित केली. ती ताणून लावली की त्वचेवर बारीक सुरकुत्या पडतात, त्वचा किंचित उचलली जाते आणि त्यामुळे वेदना कमी होतात, असे सांगितले जाते. परंतु जुनाट कंबरदुखीच्या १४८ रुग्णांवरील, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशी टेप आणि ताण न देता नुसती चिकटवलेली टेप यांच्या परिणामांत फरक आढळला नाही. याउलट, गुडघ्याच्या झिजेच्या ८७ रुग्णांवर ऑस्ट्रेलियात झालेल्या आणि २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीन आठवड्यांनंतर वाटी ओढून धरणारी टेप लावलेल्यांपैकी ७३ टक्के, नुसती टेप चिकटवलेल्यांपैकी ४९ टक्के आणि टेप न लावलेल्यांपैकी १० टक्के रुग्णांना बरे वाटले. मला अडते ते इथेच : त्या चाचणीतली टेप न ताणली जाणारी, कडक होती, आईची तशी नाही, शिवाय नुसत्या चिकटवलेल्या टेपनेही निम्म्या लोकांना बरे वाटले असेल, तर आईचा गुण त्यातलाच नसेल कशावरून?

त्यात पावसाळ्याच्या दमट हवेत टेपखाली खाज सुटते आणि परवा ती काढल्यावर गुडघ्याच्या आतल्या बाजूला लाल चट्टा उठलेला दिसला. तेव्हापासून टेप बंद आहे.

येथील फिजिओथेरपिस्ट सदस्यांना विनंती की, चट्टा बरा झाल्यावर कडक टेप, खाली त्वचा जपणारी मऊ पट्टी लावून, वापरून पाहणे या वयात योग्य ठरेल का, की टेपचा नाद सोडून व्यायामावरच भर द्यावा, हे कृपया सांगावे. ज्यांच्या घरी दोन्ही प्रकारच्या टेप वापरून झाल्या आहेत, त्यांनी जिना उतरताना काय फरक जाणवला तेही लिहावे.