मदत हवी आहे: एप्सिलॉन-डेल्टातला तो '७' येतो कुठून?

बी.एस्सी. पहिलं वर्ष. बारावीला सीमा म्हणजे किंमत घाला, शून्य भागिले शून्य आलं की अवयव पाडा, संपलं. इथे पहिल्याच महिन्यात एप्सिलॉन-डेल्टा, म्हणजे सीमेची काटेकोर व्याख्या: उत्तरात चालणारी चूक (एप्सिलॉन) कितीही लहान दिली, तरी क्ष किती जवळ ठेवायचा ते अंतर (डेल्टा) सांगता आलं पाहिजे. (फोनवरून लिहितोय, म्हणून एक्सऐवजी क्ष.)

क्ष → ३ असताना क्ष² ची सीमा ९, हे सरांनी वर्गात सिद्ध केलं. शेवटी डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/७ यांतली लहान संख्या. मी पाठ केलं. चाचणीत आलं क्ष → ५, सीमा २५. मी ३ चे ५ केले, ९ चे २५ केले, ७ तसाच ठेवला. दहापैकी दोन. सातभोवती लाल गोल आणि शेजारी "हा कोण?"

तर हा ७ कोण? आणि |क्ष² − २५| = |क्ष − ५| × |क्ष + ५| आहे, तर सरळ डेल्टा = एप्सिलॉन/|क्ष + ५| का नाही घ्यायचा? मला तर तेच स्वच्छ वाटतं.

खडूची भुकटी:
दुसरी शंका आधी घेतो, खरी गोची तिथेच आहे. समज, गिऱ्हाइकाला चौरस काच हवी, २५ चौरस फुटांची, आणि क्षेत्रफळात ०.७ चा फरक चालेल म्हणतंय. हा एप्सिलॉन. बाजू ५ फुटांपासून किती हलली तर चालेल, ते तू कारागिराला सांगायचंस. हा डेल्टा. आणि सांगायचं काच कापायच्या आधी! तुझं सूत्र म्हणतं, "आधी काप, बाजू किती भरली ते कळव, मग किती चूक चालेल ते बघू." क्ष अजून आलेलाच नाही रे.

म्हणून |क्ष + ५| ला आधीच झाकण लावायचं. डेल्टा १ पेक्षा मोठा घ्यायचा नाही असं ठरवलं की क्ष ४ आणि ६ च्या मध्ये राहतो, क्ष + ५ अकराच्या आत. मग डेल्टा म्हणजे १ आणि एप्सिलॉन/११ यांतली लहान. तीनजवळ हेच केलं तर क्ष २ आणि ४ च्या मध्ये, क्ष + ३ सातच्या आत. तुझा ७ तिकडचा रहिवासी.

तुझा ७ लावून बघ: एप्सिलॉन ०.७, म्हणजे डेल्टा ०.१. क्ष = ५.०९ या मापात बसतो. वर्ग २५.९०८१, फरक ०.९०८१. काच परत.

निवांत:
तो १ सुद्धा काही पवित्र नाही. अर्धा घे, ११ च्या जागी १०.५ येईल. आता १/क्ष कर, क्ष → १. (वाईट वाटून घेऊ नकोस. न्यूटन-लायब्निट्झनी सतराव्या शतकात कॅल्क्युलस उभं केलं ते या व्याख्येशिवाय. ती पक्की झाली कोशी आणि वायरश्ट्रास यांच्या हातून, एकोणिसाव्या शतकात.)

मूळ धागाकर्ता:
केलं. सवयीने १ घेतला तर क्ष पार शून्याला जाऊन भिडतोय, १/क्ष ला झाकणच बसेना! मग अर्धा घेतला. क्ष अर्ध्याच्या वर राहिला, फरक |क्ष − १|/|क्ष|, म्हणजे २ × डेल्टाच्या आत. म्हणून डेल्टा = अर्धा आणि एप्सिलॉन/२ यांतला लहान. बरोबर का?

खडूची भुकटी:
बरोबर. पेपरात मात्र आधी "समजा एप्सिलॉन > ०", लगेच डेल्टा, आणि क्ष त्यानंतरच. हे सगळं कच्चं काम मागच्या पानावर.